अकरानंतरची पातळ कॉफी

आप्पांच्या लेकीच्या कॉफीच्या दुकानात सकाळी ओतलेली कॉफी दाट उतरे आणि दुपारी ओतलेली कॉफी जवळजवळ पाणी असे. बिया त्याच पिशवीतल्या, पाणी त्याच किटलीतले आणि ओतणारा हातही तोच. पाण्यात कॉफीचा अर्क किती उतरला आहे हे सांगणारे एक छोटे यंत्र दुकानात होते; त्याच्या काचेवर दोन थेंब टाकले की आकडा दिसे. सकाळी हा आकडा हवा तितका असे, अकरानंतर तो घसरू लागे आणि एकच्या सुमारास तळ गाठे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सगळे ठीक.

आप्पांना हे कळले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "अस्सं."

आप्पांच्या या 'अस्सं'ला घरातले सगळे वचकून असत. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणे हा आप्पांच्या लेखी स्वच्छतेच्या सवयींचा प्रश्न होता. चांगल्या घरातल्या माणसाने ते करू नये. लेकीने लग्न ठरवले तेव्हा त्यांनी होणाऱ्या जावयाकडून पदवीचे मूळ प्रमाणपत्र मागून घेतले होते आणि ते खिडकीपाशी उजेडात धरून पाहिले होते. प्रमाणपत्र खरे निघाले. जावई मात्र तेव्हापासून आप्पा समोर आले की आपोआप ताठ उभा राहत असे.

दुकान लेक-जावयांनी मिळून काढले होते. लेक सकाळी ग्राइंडर साफ करून दळण जुळवून देई आणि मागच्या खोलीत बाहेरगावच्या मागण्यांच्या पिशव्या भरायला बसे. पुढचा गल्ला आणि किटली जावयाकडे. बियांच्या पिशव्यांवर 'मध, जर्दाळू, संत्र्याची साल' असे लिहिलेले असे. पिशवीत यांपैकी काहीही नसे. तरीही मोठ्या टेबलावर बसणारी रोजची मंडळी पहिला घोट घेऊन डोळे मिटत आणि जर्दाळू सापडल्याचे जाहीर करत. नवीन आलेले गिऱ्हाईक सुरुवातीला नुसती कॉफी पीत असे. आठवड्याभरात त्यालाही जर्दाळू सापडू लागे.

हे सगळे उभे होते ते भट्टीवाल्या बाईंच्या बियांवर. बाई स्वतः बिया भाजत आणि आपला उत्तम माल मोजक्याच दुकानांना देत. त्यांची एक अट होती: दुकानात येऊन त्या एक कप पिणार, आणि तो कप पटला तरच पिशव्या ठेवणार. एका दुकानातल्या पिशव्या त्यांनी मालकादेखत उचलून गाडीत टाकल्या होत्या आणि जाताना दार हळू लावून घेतले होते. दार हळू लावल्याचा उल्लेख या धंद्यातले लोक विशेष भीतीने करत. बाई शनिवारी येणार होत्या आणि त्यांनी वेळ दिली होती दुपारची. लेकीने बँकेतली नोकरी सोडून हे दुकान काढले होते. तिची झोप उडाली.

"आप्पा, तुम्ही यात पडू नका," ती म्हणाली. "हात जोडते."

"मी कुठे काय म्हणालो?"

"तुम्ही 'अस्सं' म्हणालात."

आप्पा त्याच दिवशी यात पडले.

पहिला संशय अर्थातच जावयावर. पूड कमी घातली की कॉफी पातळ होते, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. आप्पा रोज अकराच्या सुमारास दुकानात येत आणि मोठ्या टेबलाच्या टोकाला बसत. आता त्यांनी ती जागा सोडून गल्ल्यासमोरचे उंच स्टूल धरले, म्हणजे वजनकाट्याचा आकडा दिसावा. जावयाने घाबरून प्रत्येक पूड दोनदा तोलली. वजन चोख भरले. आप्पांना किंचित वाईट वाटले, पण ते न दाखवता ते पुन्हा मोठ्या टेबलाच्या टोकाला जाऊन बसले.

मग पाणी. पाण्यावर संशय घेताना त्यांना घरी परतल्यासारखे वाटले, कारण शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत त्यांची सगळी नोकरी गेली होती. सकाळचा आणि दुपारचा नमुना त्यांनी काचेच्या बाटल्यांत भरून नेला, जुन्या सहकाऱ्याकडून तपासून आणला. पाणीही निर्दोष ठरले. लेक म्हणाली, आता पुरे. आप्पा म्हणाले, दोन निर्दोष ठरले म्हणजे तिसरा जवळ आला.

तिसरा ग्राइंडर होता. बिया किती बारीक दळल्या जाव्यात हे ठरवणारी एक कडी त्याच्या गळ्याशी असते. बारीक दळले की कॉफी दाट, जाड दळले की पातळ. आप्पांनी कोणी पाहत नाही असे बघून कडीवर पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढली. दुपारी पाहिले तर रेघ जाड दळणाच्या दिशेने बरीच सरकली होती. आप्पांनी जावयाला कोपऱ्यात घेतले.

"जावईबापू, ही कडी कोण फिरवतं?"

"मीच."

आप्पांनी पुढचे प्रश्न रात्री जागून तयार केले होते. ते सगळे वाया गेले.

"का?"

"गिऱ्हाइकं म्हणतात, जड वाटतेय. एक घर जाड केलं की खूश होतात. थोड्या वेळाने परत तेच. मी काय करू, आप्पा? पिणाऱ्याच्या तोंडाला लागेल असंच द्यायला हवं ना?"

सकाळची गिऱ्हाइकेही असे म्हणतात का, हे आप्पांनी विचारले. जावई म्हणाला, नाही, ती पितात आणि कामाला जातात. तक्रार मोठ्या टेबलाची असते, अकरानंतर, आणि सुरुवात बहुतेक वेळा डॉक्टर करतात.

डॉक्टर म्हणजे समोरच्या इमारतीतले दंतवैद्य. त्यांच्या दवाखान्याखालच्या गाळ्याला गेले काही दिवस रंग लागत होता आणि काचांवर आतून कागद चिकटवले होते. आप्पांनी रस्त्यावर उभे राहून त्या कागदांकडे बराच वेळ पाहिले. एका कागदाच्या फटीतून पितळी नळ्यांचे एक मोठे यंत्र दिसत होते. म्हणजे समोर कॉफीचे दुकान येणार, दुकानाच्या डोक्यावर दंतवैद्य, आणि दंतवैद्य रोज इकडे येऊन चांगली कॉफी बिघडवून घेणार. धागा इतका सरळ होता की आप्पांना त्याचाही थोडा संशय आला.

त्यांनी माईंना, म्हणजे बायकोला, सगळा कट समजावून सांगितला. माई शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "मग विचारा की डॉक्टरांना."

उघड विचारले तर माणूस सावध होतो, असे आप्पांचे मत होते. दंतवैद्याला त्याच्याच जागी, त्याच्या नकळत बोलते करायचे तर रुग्ण म्हणून जाण्यासारखे निमित्त नाही. तोंड होते, दातही होते. शनिवारी सकाळची वेळ मिळाली. भट्टीवाल्या बाई त्याच दिवशी दुपारी यायच्या होत्या, त्यामुळे कबुली सकाळीच हाती येणे आवश्यक होते.

या योजनेतला दोष खुर्ची मागे कलल्यावर लक्षात आला. उलटतपासणी घेणाऱ्याचे तोंड उघडे होते आणि साक्षीदाराचे दोन्ही हात त्यात होते. त्यातच डॉक्टरांना एक किडलेली दाढ खरोखरच सापडली आणि आप्पांनी पहिला प्रश्न विचारण्यापूर्वी त्यांनी इंजेक्शन दिले. खालचा अर्धा ओठ आणि अर्धी जीभ हळूहळू परकी होत गेली. मग डॉक्टर आपणहून बोलू लागले.

"बरं झालं काका, तुम्ही आलात. खरं सांगू का, मला त्या कॉफीतलं ओ की ठो कळत नाही. सगळे जर्दाळू म्हणतात, मीही जर्दाळू म्हणतो. पण बरी की वाईट, ते आम्ही तुमच्यावरून ठरवतो."

"आँ?"

"दुखतंय? थोडंच राहिलंय. तुमची लेक म्हणाली होती ना, आमच्या आप्पांची अख्खी नोकरी चव घेण्यात गेली. म्हटलं, इथे खरा माणूस बसलाय. तुम्ही घोट घेतलात की तुमच्या ओठांचे कोपरे हे असे खाली जातात. मग आम्हाला कळतं, आज जड झाली. मोठ्या टेबलावरचे सगळे तेच करतात. तोंड मोठं उघडा."

आप्पांनी तोंड मोठे उघडले आणि आतल्या आत हा जबाब तपासून पाहिला. तो टिकत नव्हता. एक तर आपले ओठ खाली जातात याला पुरावा काय? आणि जात असतील तरी अकराच्या चांगल्या कॉफीवर ते का जावेत? चांगल्या वस्तूला कोण तोंड वाकडे करतो? डॉक्टर फार गोड बोलत होते. आप्पांचा संशय कमी न होता वाढला, आणि त्यांची दाढ भरून झाली.

दुकानात पोहोचले तेव्हा बधिर ओठातून लाळ गळू नये म्हणून त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता. बधिरपणा जाईपर्यंत गरम काही घ्यायचे नव्हते, म्हणून ते नुसतेच मोठ्या टेबलाच्या टोकाला बसून राहिले. लेकीने खुणेनेच काय झाले म्हणून विचारले. त्यांनी खुणेनेच नंतर असे सांगितले. टेबलावर लोकरी टोपीवाला रोजचा तरुण होता. त्याने घोट घेऊन आप्पांकडे पाहिले. रुमाल दिसला. त्याने आणखी एक घोट घेतला, पुन्हा पाहिले आणि शेवटी कोणाचाच आधार न मिळाल्याने मुकाट्याने कप संपवला.

कडी जिथल्या तिथे राहिली. लेकीने दुपारी यंत्रावर थेंब टाकले आणि आकडा पाहून पुन्हा टाकले. तो सकाळचाच होता.

भट्टीवाल्या बाई आल्या, बसल्या, कप उचलला. पहिला घोट त्यांनी मोठा आवाज करत ओढला, जसा त्या धंद्यात ओढतात. मग दुसरा घेतला. लेक फडक्याने कोरडाच गल्ला पुसत राहिली.

"बरी आहे," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हा शब्द फार लोकांनी ऐकलेला नव्हता. मग त्यांची नजर टेबलाच्या टोकाकडे गेली. "हे तुमचे वडील ना? चवीतले आहेत म्हणून ऐकलंय. त्यांना द्या बरं एक कप. त्यांचं काय मत आहे बघू."

आप्पांना नाही म्हणता आले असते. पण अजून धड बोलता येत नव्हते. त्यांनी कॉफी निवू दिली, रुमाल बाजूला केला आणि बधिर बाजूने एक घोट घेतला. जिभेला काही जाणवले नाही. त्यांच्या चेहऱ्यावर मोठे समाधान पसरले.

"चव नाही," ते जड जिभेने म्हणाले.

लेकीच्या हातातले फडके थांबले. जावयाचा हात सवयीने कडीकडे गेला आणि कडी एक घर फिरली.

बाईंनी ते पाहिले. "हे काय करताय?"

जावई ताठ उभा राहिला. "आप्पांना आवडली नाही."

"त्यांनी नाक मुरडलं की तुम्ही दळण बदलता? रोज?"

"टेबलावरून तक्रार येते ना. त्यांचं तोंड बघून सगळे बोलतात."

म्हणजे डॉक्टर खरे बोलले होते. आप्पांना ते आवडले नाही, पण दोन स्वतंत्र साक्षी जुळल्यावर नाकारण्याची त्यांची पद्धत नव्हती. बाई मात्र आप्पांकडेच पाहत होत्या.

"काका, तुम्ही चव घेण्याची नोकरी केलीत ती कशाच्या चवीची?"

"पाण्याच्या."

"आणि पाण्याचा उत्तम नमुना कसा असतो?"

"चव नाही, वास नाही," आप्पा पाठ असल्यासारखे म्हणाले, आणि त्यांनी कपाकडे पाहिले. एका निरीक्षणावर निष्कर्ष काढणे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी दुसरा घोट घेतला आणि या वेळी तो जाणूनबुजून जिभेच्या जाग्या बाजूला फिरवला. आंबट, गोड, मग सालीसारखे थोडे कडवट असे बरेच काही त्या बाजूला एकदम लागले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी त्याच क्षणी स्वतःच्या ओठाला बोट लावून पाहिले. जाग्या बाजूचा कोपरा खाली गेला होता.

टोपीवाल्याने आपला कप खाली ठेवला. "आज जरा जड वाटतेय, नाही का?"

जावयाने कडी एक घर मागे, होती तिथे आणून ठेवली. भट्टीवाल्या बाईंनी पिशव्या राहतील असे लेकीला सांगितले, फक्त काकांना बसायला भिंतीकडे तोंड असलेली खुर्ची द्यावी अशी सूचना केली. लेक हसली की रडली हे नीट कळले नाही. तिने फडके तोंडावर धरले होते. आप्पा आपणहून उठले, खुर्ची भिंतीकडे वळवली आणि बसताना जावयाला म्हणाले, "प्रमाणपत्राचंही माझं चुकलंच होतं."

कारण असे होते. आप्पांनी आयुष्यभर पाणी चाखले होते आणि पाण्याला चव लागली की नमुना बाद, हे त्यांच्या तोंडात मुरले होते. कॉफी जितकी चांगली, तितका त्यांचा चेहरा वाईट. तो चेहरा पाहून टेबल तक्रार करी, तक्रार ऐकून जावई दळण जाड करी, आणि आप्पांना काहीच चव लागेनाशी होईपर्यंत हे चाले. आप्पा दुकानात अकराला येत असत.