मसाजवाल्या बाईंचा हात

छातीठोक सांगतो, एकोणसाठाव्या वर्षी रोज पाच किलोमीटर पळणारा आमच्या अख्ख्या ऑफिसात मी एकटाच! बायको गेल्यावर सकाळी घर खायला उठायचं, म्हणून पळायला लागलो. दहा महिन्यांत पोट गेलं, पण मांड्या अशा आखडल्या की जिना उतरताना मी खेकड्यासारखा आडवा चालायचो. जिमचा ट्रेनर म्हणाला, "काका, नुसतं पळून भागत नाही. आठवड्यातून एकदा थाई मसाज घ्या. स्नायू मोकळे होतील."

गेलो. काउंटरवर फॉर्म भरला. 'तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं?' तिथे हाताने आपला सवयीने बायकोचा नंबर लिहिला. माझ्या लक्षातही आलं नाही!

आत जमिनीवर गादी. तेलबिल काही नाही, सैल कपड्यांत नुसतं पडायचं. मसाजवाल्या बाई चिमणीएवढ्या. पण त्यांनी पाठीत गुडघा रोवून माझे दोन्ही हात मागे ओढले, तेव्हा हाडं कडाकड वाजली! तरी मी हूं की चूं केलं नाही.

मग त्यांनी मला उताणं झोपवलं आणि माझा पंजा दोन्ही हातांत घेऊन अंगठ्याने हळूहळू दाबायला लागल्या. बस्स, एवढंच. दहा महिन्यांत माझा हात कुणी हातात घेतला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. आणि मी रडायला लागलो. थोडंथोडकं नाही, चांगलं भोकाड पसरून!

"दुखलं का?" बाई घाबरल्या.

मला म्हणायचं होतं, 'सोडू नका.' हुंदक्यात नुसतं "सो... सो..." निघालं. बाईंनी चटकन हात सोडला. मी आणखी जोरात!

मॅनेजर धावत आला. त्याने फॉर्मवरचा नंबर फिरवला. तो फोन आता मुलीकडे असतो. का ठेवलाय, मी कधी विचारलं नव्हतं.

"मॅडम, लवकर या! तुमच्या मिस्टरांना काहीतरी होतंय!"

पंधराव्या मिनिटाला मुलगी हजर. एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात जावयाची!

"बाबा! छातीत दुखतंय?"

"नाही गं. पाय... पळून पळून."

"पायासाठी एवढं रडतं का कुणी?"

"आईचा नंबर चुकून लिहिला गेला."

"फोन येतात तिला अजून. परवा दातांच्या डॉक्टरांकडून आला होता, तपासणीची वेळ झाली म्हणून."

"मग?"

"म्हटलं, ती आत्ता घरी नाहीये."

आम्ही दोघंही गादीकडे बघत बसलो. मॅनेजर खाकरला. "सर, वीस मिनिटं शिल्लक आहेत. मॅडमना हवी तर..."

मुलगी नको नको म्हणत आडवी झाली. बाईंनी तापलेलं पातेलं उचलावं तसा जपून तिचा हात हातात घेतला. दोन मिनिटंही झाली नसतील, तीही ढसाढसा रडायला लागली, अगदी माझ्याच सुरात! मी तिचा दुसरा हात धरला.

बाई आपल्या तळव्यांकडे बघत मॅनेजरला म्हणाल्या, "आज माझ्या हाताला झालंय तरी काय?"