नळाच्या पाण्याचा सत्कार

दोन वर्षांपूर्वी गेलेला विश्वास आपण एका शनिवारी परत आणून दाखवू, असं डार्लीन हॅव्रिलुकने कौन्सिलच्या बैठकीत छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा तिला कोणी अडवलं नाही. अडवायला हवं होतं. पण सस्कॅचवान प्रांतातल्या ब्रेमडेन गावच्या नगर-कचेरीत सव्वीस वर्षं काढलेल्या बाईला अडवणार कोण? मेयर येतात नि जातात, डार्लीन तिथेच असते. बर्फ ओढणाऱ्या गाडीची किल्ली कुठे टांगलीय इथपासून ते दफनभूमीत कोणाच्या शेजारी कोणाला पुरायचं नाही इथपर्यंत सगळा गाव तिच्या डोक्यात.

विश्वास गेला होता तो पाण्यावरचा. पाण्यात जंतू सापडल्याचा कागद प्रयोगशाळेकडून कचेरीत आला, आणि गावाला तो कळला अकरा दिवसांनी. तोवर अर्धं गाव पोट धरून बसलं होतं. एडना फ्रीझनचा नवरा आठवडाभर हॉस्पिटलात होता, दोनदा तर आता काही खरं नाही असं वाटलं. तेव्हाचा मेयर म्हणाला, कागद गहाळ झाला होता. पुढे एडनाचा नवरा वाचला, मेयर निवडणुकीत पडला, पाण्याच्या टाकीवरचा माणूस बदलला, पण लोकांनी नळाचं पाणी सोडलं ते सोडलंच. हाडं गोठवणाऱ्या थंडीत माणसं चाळीस किलोमीटरवरून निळे कॅन भरून आणू लागली.

आता खरी गोष्ट सांगायची तर कागद गहाळ-बिहाळ काही झाला नव्हता. तो डार्लीनच्या टेबलाच्या डाव्या खणात होता. मेयर म्हणाला होता, उन्हाळ्याची जत्रा होऊन जाऊ दे, मग बघू. डार्लीनने खण लावून घेतला. हे तिच्याशिवाय आता गावात कोणाला माहीत नव्हतं, आणि ती तर काही बोलत नव्हती.

एडना तिची चाळीस वर्षांची मैत्रीण. दर मंगळवारी सकाळी कचेरीत कॉफीला यायची, गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढून तासाभराने जायची. नवऱ्याच्या आजारपणानंतर ती आली नाही. रस्त्यात भेटली की हवामानावर बोलायची. आणि सस्कॅचवानमध्ये जिवाभावाचं माणूस हवामानावर बोलायला लागलं, की समजावं, संपलं.

तर डार्लीनची योजना अशी. गावच्या सेवकांमधून एकाला दरवर्षी मान द्यायचा. लोकांनीच नाव सुचवायचं. ऑक्टोबरातल्या गावजेवणात, दोनशे माणसांसमोर, पितळी पाटी द्यायची. लोक चांगल्या माणसाकडे बघतील, मग हळूहळू कचेरीकडेही जरा बऱ्या नजरेने बघतील. कल्पना वाईट नव्हती हो. आपल्याला कुणी चांगलं म्हटलं की आपण चार दिवस तरी चांगलं वागतो, हे कोणाला ठाऊक नाही?

पोस्टात पेटी ठेवली. तीन आठवड्यांत सदतीस चिठ्ठ्या पडल्या. सात चिठ्ठ्या रस्त्यावरचा बर्फ गाडीने ओढणाऱ्या बर्फवाल्याला, त्याही 'यंदा माझी टपालपेटी उडवली नाही तरच' या अटीवर. पाच वाचनालयातल्या मांजराला. अकरा चिठ्ठ्यांवर नुसतं 'कोणी नाही' लिहिलं होतं, आणि त्यातल्या एकीवरचं अक्षर एडनाचं होतं. पाण्याच्या टाकीवरच्या नव्या माणसाला, लिओनेल पारांतोला, चौदा मतं पडली. डार्लीनला आभाळ ठेंगणं झालं. पाण्याचाच माणूस! दोन वर्षांपूर्वीच्या डागावर याहून चांगला साबण कुठून मिळणार होता?

लिओनेलला मात्र काही आनंद झाला नाही. पन्नाशीचा, मोजकं बोलणारा माणूस. तो म्हणाला, मला पगार मिळतो की. पाटीऐवजी क्लोरीनचा जादा पंप मिळाला तर बघा, आहे तो खोकतोय. डार्लीन म्हणाली, पंप पुढच्या वर्षी, आधी फोटो.

फोटो गुरुवारी काढायचा ठरला. गुरुवारी लिओनेल गावच्या हॉलच्या स्वयंपाकघरातल्या नळावर पाण्याचा नमुना घेतो. बाटली प्रयोगशाळेकडूनच येते, निर्जंतुक केलेली, पाण्यातलं क्लोरीन मारायला तळाला पांढरी भुकटी घातलेली. तिच्या तोंडाला, टोपणाच्या आतल्या बाजूला कोणाचं बोट लागता कामा नये, लागलं की सगळं मुसळ केरात. लिओनेलने नळ सोडून ठेवला, बाटलीचं सील तोडलं, आणि नेमका त्याचा फोन वाजला. गटाराचा पंप बंद पडला होता. बाटली होती तशीच, बंद टोपणाची, ओट्यावर ठेवून तो बोलायला बाहेर गेला.

डार्लीनने बाटली उचलून उजेडात धरली. फोटोत छान दिसायला हवी. टोपण उघडून बघितलं तर आत पांढरं काहीतरी लागलेलं. अगंबाई, म्हणाली, एवढा मोठा माणूस आणि बाटली साधी पुसलेली नाही! ओट्यावर निळ्या चौकटीचं फडकं पडलं होतं. तिने टोपण आतून लख्ख पुसलं, बाटलीचं तोंड पुसलं, टोपण घट्ट लावलं आणि बाटली जागच्या जागी ठेवली. लिओनेल आला, बाटली भरली, फोटो काढला. फोटो खरोखरच छान आला. बाटली चमकत होती.

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता हॉल गच्च भरला. टर्की, पेरोगी म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, कोबीचे रोल, आणि म्हाताऱ्या बायकांनी केलेल्या रंगीबेरंगी जेलीची अकरा ताटं. स्वयंपाकघर एडनाच्या हुकमतीत. ती सत्काराला आलेली नव्हती, पेरोगी उकडायला आली होती, हे तिने दारातच सांगून टाकलं होतं. डार्लीनने प्रत्येक टेबलावर नळाच्या पाण्याचे जग ठेवले होते. नवे मेयर मर्व्हिन थोरसन पाटी देणार, मग पेला उंच करणार, आणि सगळं गाव दोन वर्षांनी एकदम नळाचं पाणी पिणार. या क्षणासाठी डार्लीनने वर्तमानपत्रवालाही बोलावला होता. तिची नजर मात्र स्वयंपाकघरातून हॉलमध्ये ताटं सरकवायच्या खिडकीवर होती. एडना प्यायली, की झालं. मग खण उघडायची गरजच पडणार नाही.

मेयरसाहेबांचं भाषण रंगात आलं होतं. त्यांनी पेला उचललाही होता. तेवढ्यात लिओनेल, उसना टाय सावरत, फोन कानाला लावून मागच्या दाराने बाहेर गेला. मिनिटभराने परत आला तो सरळ व्यासपीठावर, आणि त्याने मेयरांच्या हातातला पेला काढून घेतला. लोकांना वाटलं, सत्काराचाच भाग आहे. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या.

"पाणी पिऊ नका," लिओनेल माइकवर म्हणाला. "प्रयोगशाळेतून आत्ता फोन आला. गुरुवारच्या नमुन्यात जंतू निघालेत. मला कळून एक मिनिट झालं. पुढचं काय ते उद्या कळेलच, पण आत्तापासून पाणी उकळून प्या."

मेयरसाहेबांनी त्याच्या कानाशी लागून विचारलं, जेवणं उरकेपर्यंत तरी थांबता आलं नसतं का? माइक चालू होता.

"मागच्या वेळी थांबलेच होते की," लिओनेल म्हणाला.

डार्लीन खुर्चीत होती तशीच बसून राहिली.

मग गोंधळ उडाला. जग मोरीत ओतले गेले. पेरोगी उकळत्या पाण्यातल्या, त्या वाचल्या. कॉफीवर खडाजंगी झाली, ती उकळलीय की नुसती तापलीय यावर दोन चुलतभाऊ एकमेकांच्या आईवडिलांपर्यंत पोचले. जेलीत निम्मं गार पाणी घालतात, तेव्हा अकरा ताटं एकामागोमाग एक मागच्या दाराने कचऱ्याच्या डब्याकडे निघाली आणि म्हाताऱ्या बायका माहेरवाशिणीला निरोप देताना उभ्या राहतात तशा उभ्या राहिल्या. वर्तमानपत्रवाला भराभरा लिहीत होता. पितळी पाटी ॲपल पायच्या शेजारी विसरली गेली होती.

लिओनेल डार्लीनला बाजूला घेऊन बसला. तो चक्रावला होता. क्लोरीन बरोबर होतं, टाकी बरोबर होती, मग आलं कुठून? म्हणजे चूक आपल्या हातूनच झाली, नमुना घेतानाच. अहवालात तसं लिहावं लागेल, आणि प्रांताच्या साहेबांनी परवाना काढून घेतला तरी त्यांना नावं ठेवता येणार नाहीत.

"तू होतीस ना तिथे, डार्लीन," तो म्हणाला. "आठवून सांग. मी टोपण ओट्यावर उलटं ठेवलं होतं का?"

"नाही," डार्लीन म्हणाली. "तू नाही ठेवलंस."

यात खोटं काही नव्हतं. ती उठून स्वयंपाकघरात गेली, घोटभर काहीतरी प्यावं म्हणून, आणि आता प्यायला काही नाही हे तिथे गेल्यावर आठवलं. एडना ओटा पुसत होती. हातात निळ्या चौकटीचं फडकं.

डार्लीन त्या फडक्याकडे बघत राहिली. खणात घालून लावून टाकावं एवढंसं तर होतं ते. कोणी पाहिलं नव्हतं. लिओनेल स्वतःच गुन्हा अंगावर घ्यायला निघाला होता, तिने फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायची तिला सवय होती. दोन वर्षं रोज सकाळी ती त्या डाव्या खणाशेजारी गप्पच तर बसत होती. तिला स्वतःची अशी काही शिसारी आली, की ती तरातरा चालत माइकपाशी गेली.

तिने आधी फडक्याचं सांगितलं. टोपण पुसलं, चांगलं दिसावं म्हणून पुसलं, लिओनेलला माहीत नव्हतं. लोक हसायला लागले. हसू ओसरेपर्यंत ती थांबली.

"अजून एक आहे," ती म्हणाली. "मागच्या वेळचा कागद गहाळ झाला नव्हता. अकरा दिवस माझ्या खणात होता. मला थांब म्हणाले आणि मी थांबले. एडनाचा नवरा हॉस्पिटलात गेला, त्या दिवशीही तो खणातच होता."

कोणी हसलं नाही, कोणी ओरडलंही नाही. गावाने दोन वर्षं ज्याच्यावर राग धरला होता तो मेयर कधीच गाव सोडून गेला होता, आणि ही बाई त्यांच्या लग्नांचे नि मयतीचे कागद लिहिणारी. स्वयंपाकघराच्या खिडकीत एडना उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"कुठलं फडकं?" तिने विचारलं.

"निळ्या चौकटीचं."

"अगं, ते कच्च्या टर्कीचा ओटा पुसायचं," एडना म्हणाली, आणि तिने खिडकी लावून घेतली.

लोकांना वाटलं, चला, कारण सापडलं, आता पाणी प्यायला हरकत नाही. लिओनेलने त्यांना तिथेच अडवलं. डार्लीनचं फडकं हा अंदाज आहे, म्हणाला, पुरावा नाही. लागोपाठ दोन नमुने स्वच्छ येईपर्यंत पाणी उकळायचं. मग त्याने तो टाय काढून खिशात कोंबला आणि नव्या बाटल्या आणायला टाकीवर गेला. त्याला पाटी देण्याचं भान शेवटपर्यंत कोणालाच राहिलं नाही.

रविवारी डार्लीनने राजीनामा लिहिला. सोमवारी कौन्सिलने तो वाचला आणि मंगळवारपर्यंत राखून ठेवला, कारण बर्फवाल्याच्या गाडीची किल्ली सापडत नव्हती. मंगळवारी मेयर म्हणाले, राजीनामा नको, शिक्षा म्हणून प्रयोगशाळेचा कुठलाही कागद यापुढे आला की तासाभरात पोस्टाच्या दारावर चिकटवायचा, आणि तो तूच चिकटवायचा. त्या मंगळवारीही एडना आली नाही. डार्लीनने एकटीने कॉफी केली आणि ओतून दिली.

बुधवारी दोन्ही नमुने स्वच्छ आले. डार्लीनने कागद पोस्टाच्या दारावर चिकटवला, चारी कोपऱ्यांना.

पुढच्या गुरुवारी लिओनेल हॉलमध्ये नेहमीचा नमुना घ्यायला गेला, तर दहा-बारा माणसं हाताची घडी घालून आधीच उभी. गावाला आता बघायचंच होतं. डार्लीन दाराशी होती, आत यायचं धाडस होत नव्हतं. नळाच्या वर कोणीतरी ती पितळी पाटी ठोकली होती, 'उत्कृष्ट लोकसेवेबद्दल'. तिच्याखाली लिओनेलने पुठ्ठ्यावर आपल्या जाड अक्षरात लिहून लावलं होतं: 'नमुन्याचा नळ. डार्लीनने हात लावू नये.'

नमुना घेऊन झाला. मग गर्दीतून एडना पुढे आली. हातात तिची जुनी कॉफीची किटली. तिने आधी पाटी वाचली, मग पुठ्ठा वाचला, चष्मा सारखा करून पुन्हा एकदा वाचला.

"या पितळेवर माझा काडीचा विश्वास नाही," ती म्हणाली. "पुठ्ठा बरा आहे."

आणि तिने नळाखाली किटली धरली. भरत आली तशी मागे न बघता म्हणाली, "मंगळवारी येणारे मी. माफ केलंय असं समजू नकोस. माझा नवरा पण येणारे, त्याला तुला बरंच काही सांगायचंय. कपांची सोय कर."

डार्लीनचे डोळे भरून आले होते. किटली भरून वाहायला लागली होती, तशी ती नेहमीच्या सवयीने घाईघाईने पुढे झाली आणि नळ बंद करायला तिने हात घातला.

"डार्लीन," सगळं गाव एका सुरात म्हणालं.