साळवेकाकांचं बाकडं

साळवेकाकांकडं मी खोली बघायला गेले, तेव्हा त्यांनी मला खोली दाखवलीच नाही. ओट्यावर एक लाकडी बाकडं होतं, तिकडं बोट करून "बस" म्हणाले आणि आत गेले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मला वाटलं, म्हातारा विसरला बहुतेक. चाळीस मिनिटांनी बाहेर आले ते हातात वही घेऊन.

"मोबाइल अकरा वेळा काढला," वहीत बघत ते म्हणाले. "डावा पाय सारखा हालत होता. सबर म्हणून नाय तुझ्यात. खोली देतो तुला. नोकरीचं मात्र अवघडंय."

नोकरीचा मी एक शब्दही काढला नव्हता. पण पाठीवर लॅपटॉपची बॅग लावून गारखेड्यात खोली शोधत फिरणारी पोरगी दुसरं काय करणार, हे ओळखायला काही ज्योतिषी लागत नाही.

मी सोयगावची. कॉम्प्युटर इंजिनिअर झाले होते. कॉलेजात आलेल्या कंपन्या मला न घेताच परत गेल्या होत्या आणि बाबांनी पाडव्यापर्यंत मुदत दिली होती. तोवर नोकरी लागली तर ठीक, नाहीतर मुकाट घरी यायचं आणि गावातल्या शाळेत पोरांना कॉम्प्युटर शिकवायचा. त्या शाळेत कॉम्प्युटर दोन. त्यातल्या एकावर तुळशीची कुंडी होती.

आता काकांचं सांगते. काका एकतीस वर्षं वाळूजच्या एका कारखान्याच्या गेटवर होते. कोण किती वाजता आत गेलं, किती वाजता बाहेर आलं, एवढं लिहायचं, हे काम. त्यांच्या खिडकीसमोर हेच बाकडं होतं आणि इंटरव्ह्यूला आलेली पोरं त्यावर बसायची. एकतीस वर्षं त्यांना न्याहाळून काकांचं ठाम मत झालं होतं की इंटरव्ह्यू बाकड्यावरच होतो, आत साहेब नुसती सही करतो. काका रिटायर झाले त्या वर्षी कारखान्यानं जुनं सामान भंगारात काढलं, तर या गृहस्थानं बाकडं रिक्षाच्या टपावर बांधून घरी आणलं. काकू तेव्हा होत्या. त्या आठ दिवस बोलल्या नाहीत म्हणे.

तेव्हापासून गल्लीतल्या नोकरी शोधणाऱ्या प्रत्येक पोराला त्या बाकड्यावर बसावं लागलं. काकांचे नियम साधे होते आणि शिक्षा एकच.

"फाईल छातीशी धरली, कटला. मामाला संगं आणलं, कटला. नाव पुकारल्यावर बाथरूम कुठंय विचारलं, लई कटला."

"आणि चहा आला तर?" मी एकदा सहज विचारलं. नसतं विचारलं तर बरं झालं असतं. पुढचे तीन दिवस आमची चहाची तालीम चालली. काका शिपाई व्हायचे, उकळता चहा माझ्या हातात द्यायचे आणि लगेच साहेबाच्या आवाजात माझं नाव पुकारायचे. मी कप घेऊन उठले, कटले. गटकन प्यायले, तोंड भाजलं, तरी कटले. बाकड्याखाली ठेवला तर म्हणाले, "आता शिपायाला वाईट वाटलं. त्यानं तुझ्यासाठी आणला व्हता."

"मग करू काय?"

"आधीच इत्मिनानानं, घाई न करता सांगायचं, दादा, बाहेर आल्यावर घेते. म्हंजे तो वाट बघतो. आतून कसंबी तोंड करून आलीस, तरी बाहेर एक माणूस तुझी वाट बघत असतो."

हे सगळं ठीक होतं, पण मला अल्गोरिदम येत नव्हते. मी वहीवर कोडी सोडवायला बसले की काका डोकवायचे, दोन ओळी बघायचे आणि मान हलवायचे. "हे आतलं. आतलं तुझं तू बघ. माझं खातं बाकड्यापर्यंत."

आतली एकच गोष्ट त्यांना ठाऊक होती. बाहेर येणाऱ्या पोरांनी ती सांगितली होती. "शेवटाला साहेब विचारतो, तुम्हाला काही विचारायचं का? तिथं काहीबी विचार, पण सुट्टीचं विचारू नको. सुट्ट्या किती म्हणलं की माणूस कटला."

पाडव्याला बारा दिवस राहिले असताना पुण्याच्या एका कंपनीचा मेल आला. मंगळवारी अकरा वाजता इंटरव्ह्यू, ऑनलाइन. काकांना कसं सांगावं तेच कळेना. शेवटी सांगून टाकलं.

"ऑनलाइन म्हंजे घरूनच?"

"हो काका. लॅपटॉपवर."

"मग बाकडं?"

"बाकडं नाही."

 काका फडकं घेऊन बाकडं पुसत बसले. मला फार वाईट वाटलं, आणि वर हसूही येत होतं, त्याचं जास्त वाईट वाटलं.

मंगळवारी सकाळी मात्र ते कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून हजर. वरच्या माझ्या खोलीत रेंज नसायची, म्हणून त्यांनी आपली बैठक मला दिली, पंख्याचा कुईकुई आवाज होतो म्हणून पंखा बंद केला आणि स्वतः बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

समोर पडद्यावर एक मॅडम आणि एक सर होते. अर्धा तास बरा गेला. मग मला एक कोडं दिलं, ते मी रडतखडत सोडवलं, आणि "दोनच मिनिटं हं" म्हणून ते दोघं गायब झाले. पडदा काळा. दोनाची दहा मिनिटं झाली, दहाची वीस.  संपलं, म्हटलं, आता ती कुंडी आणि आपण. हात मोबाइलकडं गेला आणि काकांची वही आठवली. हात मांडीवर ठेवले. डावा पाय उजव्या पायानं दाबून धरला. अशी जी बसले ती बसलेच.

ते आले तेव्हा मॅडम हसत होत्या. "सॉरी, आमचा कॅमेरा बंद होता, पण तुम्ही आम्हाला दिसत होतात. एवढं शांत कुणी बसत नाही हो." शेवटी त्यांनी विचारलंच, काही विचारायचंय का. मी कामाचं विचारलं. संध्याकाळपर्यंत कळवतो म्हणाले.

दार उघडून बाहेर आले तर बाकड्यावर तिघं ओळीनं बसलेले. पाठ ताठ, हात मांडीवर. एका टोकाला भाजीवाले रफिकभाई, ज्यांचा भोंगा तीन गल्ल्यांपर्यंत जातो. मध्ये शेजारच्या जाधवकाकू, मांडीवर रिकामी बादली. दुसऱ्या टोकाला काका.

"होगया क्या बेटी?" रफिकभाई म्हणाले. "एक घंटेसे उठने नै दे रहे मेरेकू. मेथी सूक गई पूरी."

"ते ठीक, पण ह्यांनी नळाचं पाणी घालवलं गं," जाधवकाकू कळवळून म्हणाल्या. "साडेअकराला पाणी आलं. मी सांगायला आले तर मलाच बसवलं."

आमच्या गल्लीत नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. काकांची मोटर बैठकीच्या खिडकीखालीच आहे आणि ती लावली की भिंतसुद्धा थरथरते. ती त्यांनी लावलीच नव्हती. टाकीत तळाला दोन बादल्या पाणी असेल, आणि ते आता आठ दिवस पुरवायचं होतं. मी काही बोलणार तेवढ्यात काकांनी कप पुढं केला. चहा कधीचाच थंड झाला होता.

"पी. बाहेर आल्यावर घेते म्हणली असतीस ना," ते म्हणाले आणि वहीत लिहिलं: आत अकरा, बाहेर बारा चाळीस.

मेल साडेचारला आला. घेतलं होतं मला. एक तारखेला पुण्यात हजर व्हायचं होतं. मी बाबांना फोन केला, आई रडली, बाबांनी उगाच तीनदा कंपनीचं नाव विचारलं. काका बाकड्यावर बसून ऐकत होते. फोन ठेवल्यावर हळूच म्हणाले, "आत काय असतं गं?"

"कशाच्या आत?"

"इंटरव्ह्यूच्या. मी कधी दिलाच नाय. बाप कारखान्यात वारला, त्याच्या जागी मला घेतलं. मधी एकदा हापिसातल्या जागेसाठी बसलो व्हतो या बाकड्यावर. सकाळी दहापासनं. साहेब दुसऱ्या दारानं निघून गेला. संध्याकाळी माझी बाहेरची वेळ मीच लिहिली."

एवढंच बोलले आणि शर्टाची बाही नीट करू लागले. त्या बाकड्यावर बसून गल्लीतली सात पोरं पुण्याला, बेंगळुरूला गेली होती. आता आठवी मी.

मी त्यांचा हात धरून त्यांना बैठकीत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि समोर लॅपटॉप उघडून साहेबासारखी बसले.

"या मिस्टर साळवे. स्वतःबद्दल सांगा."

एकतीस वर्षं दुसऱ्यांना पारखणारा माणूस गोंधळून गेला. घसा खाकरला. मग म्हणाला, "सुखदेव साळवे. कुणी लवकर आला, उशिरा आला, मी खोटी वेळ लिहिली नाय. पोरं रडत बाहेर आली की त्यांना पाणी द्यायचो." बाही परत नीट करत म्हणाले, "बास. एवढंच."

माझे डोळे भरून आले होते, पण साहेबानं रडायचं नसतं. मी आवाज कडक केला. "छान. तुम्हाला काही विचारायचंय का?"

 काकांचा डावा पाय हालत होता.

"सुट्ट्या कितीक असतात तिथं?"

"कटलात काका," मी म्हटलं. "शनिवार-रविवार असते."

त्यांनी मान वर केली.

"दोन्ही दिवस?"