विलासची सरळ जोडणी

विलासजवळ कुणी निरोप देऊ नये. तो पोचवत नाही. विसरभोळा आहे म्हणून नव्हे, तत्त्व म्हणून.

"वहिनींना सांग, आमची लोणच्याची बरणी लागतेय," एवढंच मी एकदा म्हणालो. यानं आत जाऊन पोळ्या लाटणाऱ्या बायकोला पिठाच्या हातांनिशी माझ्यासमोर आणून उभं केलं. "घ्या सर, सरळ बोला. मधल्या माणसाचा भरोसा नसते." ती बिचारी घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी तब्येतीची चौकशी करून परत आलो. बरणी अजून त्यांच्याकडेच आहे.

मेहकरात आम्ही भिंतीला भिंत लावून राहतो. मी निवृत्त मास्तर. तो पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करतो. काय काम, ते त्यानं मला तीन वाट्या मांडून समजावलं. तीन वेगळ्या कंपन्यांचे लांबचे कॉम्प्युटर भाड्यानं घ्यायचे, प्रत्येकावर एकेक नेटवर्क आखायचं आणि ती नेटवर्कं एकमेकांना जोडायची. तार कुठंच दिसत नाही. रिकाम्या वावरात चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडतात, तसं सगळं पडद्यावर आखलेलं.

"आता सांगा सर. पयली वाटी दुसरीले जोडली, दुसरी तिसरीले. मंग पयलीचा निरोप तिसरीले जाईन काय?"

"जाईलच की. दुसरी सांगेल ना."

"नाई जात! मधली कोनाचा निरोप देत नसते. पयलीले तिसरीसंग सरळ जोडा लागते."

"मग तुझ्या नेटवर्कपेक्षा आपली गल्ली पुढारलेली आहे," मी म्हणालो. "इथं एकीच्या कानात सांगितलं की चहा उकळायच्या आत सातव्या घरी पोचतं."

तो हसला नाही. कामाच्या बाबतीत त्याला थट्टा खपत नाही.

जोडणी झाली की तो पलीकडे एक हाक पाठवतो. 'आहे' असं उत्तर आलं की जोडणी जिवंत. हीच रीत त्यानं वडिलांनाही लावलीय. ते पिंपळगाव राजा या गावी एकटेच राहतात. रोज संध्याकाळी सातला, मी त्याच्याकडे चहाला बसलेलो असताना, हा फोन स्पीकरवर टाकतो.

"बाबा?"

"हाव."

"बरं."

फोन बंद.

"अरे, दोन शब्द तरी बोल," मी एकदा चिडवलं. "बाप आहे तो तुझा, कॉम्प्युटर नव्हे."

विलासनं कप खाली ठेवला. "काय बोलू सर? आमी बापलेक जनमभर आईच्या मार्फतच बोललो. मी म्हनायचो, 'बाबाले सांग, पास झालो.' बाबा म्हनायचे, 'त्याले सांग, चांगलं झालं.' मागच्या साली आई गेली, तवा समजलं, आमची दोघाईची जोडणी कधी केलीच नव्हती. आता करून राह्यलो. पन 'बरं'च्या पुढं काई सुचतच नाई. एखाद्या दिवशी तिकडून 'हाव' नाई आलं तर, याचंच भेव वाटते."

इतके दिवस मी त्याची टर उडवत होतो, त्याची मला लाज वाटली.

परवाही सात वाजले.

"बाबा?"

"हाव."

"बरं."

फोन बंद करायला त्यानं बोट पुढं केलं, तेवढ्यात पलीकडे बाबा खाकरले.

"जेवला काय बे?"

त्याची आई फोनवर पहिलं हेच विचारायची. आमच्या अख्ख्या गल्लीला ते पाठ होतं. आत वहिनींचं लाटणं थांबलं. विलासचं बोट तसंच हवेत राहिलं.

"हाव," तो म्हणाला. त्यांच्याकडे नवाच्या आधी ताटं मांडत नाहीत, हे मला ठाऊक होतं.

फोन चालूच होता. विलासनं दोनदा घसा साफ केला आणि विचारलं, "अन् तुमी?"