वीस एमएमचा रुबाब

जुन्या गाडीला नवी चाकं बसवणं हा गुन्हा असेल तर तो मला मान्य आहे. पण पुढं जे झालं, त्यात माझी काही चूक नव्हती.

भोकरला धाकट्या मेहुणीचं लग्न होतं. गेल्या दिवाळीत सासरे किशनराव माझ्या गाडीकडं बघून ‘चालते ना? मग बस’ एवढंच म्हणाले होते. उदगीरच्या थोरल्या जावयाच्या, म्हणजे चंद्रप्पांच्या गाडीभोवती मात्र ते दोनदा फिरले. लग्नात माझ्याही गाडीभोवती ते फिरले पाहिजेत, एवढीच माझी इच्छा होती. नवी गाडी परवडत नव्हती, म्हणून रुंद अलॉय व्हील्स घेतली.

ती आतून शॉकअपला घासू लागली. नांदेडच्या गॅरेजवाल्या यासेरभाईंनी माप घेऊन चाकामागं घालायच्या दोन चकत्या पुढं ठेवल्या.

“पाच एमएमचा स्पेसर पुरे, साहेब. वीसनं चाक लई बाहेर येते. गाडी भरली की टायर वरच्या पत्र्याला लागंल.”

“वीसच बसवा. चाक लांबून दिसलं पाहिजे.”

“घरची माणसं बसवून बघा एकदा.”

“मला शिकवू नका.” (मी रेल्वेच्या ऑफिसात टपाल नोंदवतो. पण गॅरेजात उभा राहिलो की माझा इंजिनिअर होतो.)

एकट्यानं नांदेडभर फिरून बघितलं. गाडी लोण्यासारखी चालली.

लग्नाच्या दिवशी मी गाडी चालवत होतो, शेजारी बायको शिल्पा. रुखवत करायला आमच्याकडं आठ दिवस राहिलेल्या सासूबाई, कस्तुराबाई, माझ्यामागं बसल्या. बाकी जागेत लाडू, करंज्या आणि अनारशांचे डबे. मुदखेडच्या पुढं पहिला खड्डा आला आणि माझ्या बाजूनं खर्रर्र आवाज झाला. मग प्रत्येक खड्ड्याला. शेवटी जळक्या रबराचा वास आला. मुहूर्ताला दीड तास होता.

मी गाडी थांबवली. “थोडं वजन कमी करावं लागेल. डबे मागून टेम्पोनं पाठवू.”

“रुखवताला हात लावू नका, जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या. “पोरीच्या सासरचे मोजून बघत्यात.”

“मग तुम्ही…”

“मी नवरीची माय हाय.”

शिल्पा माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघत होती. “अहो, तुमचं वजन किती हो? चौऱ्याण्णव ना?”

जावई म्हणजे घरचा मानाचा माणूस. त्याला भर रस्त्यात उतरवून अनारसे पुढं नेतात, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मी उतरलो, शिल्पा स्टेअरिंगवर बसली आणि गाडी हूं की चूं न करता निघून गेली. मी संतापून यासेरभाईंना फोन लावला.

“आता आवाज येऊन राहिला का?” त्यांनी विचारलं.

“मी उतरल्यापासून नाही.”

“मग स्पेसर बरोबर हाय, साहेब.”

पाण्याच्या जारच्या टेम्पोतून मी मांडवाशी उतरलो, तेव्हा अक्षता पडून पंगत बसली होती. पण एका दृश्यानं सगळा राग गेला. किशनराव माझ्या गाडीभोवती फिरत होते. चक्क तिसऱ्यांदा.

“या जावईबापू,” माझ्या ओल्या पँटीकडं बघत ते म्हणाले. “शिल्पानं नवी गाडी घेतली, लई चांगलं केलं. तुमची ती जुनी वाटंत बंद पडली व्हय?”