समीक्षक जे. पागधरे यांचं म्हणणं

अरे बस, चहा होऊ दे थंड, आधी हे ऐक! आमच्या कमलाकांतचं काय झालं कळलं का तुला? बोईसरच्या फॅक्टरीतला, स्टोअरमधला क्लार्क रे. पालघरजवळच्या माहीमच्या होडीवाल्यांचा मुलगा, घरात पहिलाच मॅट्रिक, आणि आता त्याला बी.ए. व्हायचंय. सकाळी पालघरला कॉलेज, दुपारी फॅक्टरी. इंग्रजीत दोनदा आपटला. या खेपेला सरांनी स्वच्छ सांगितलं, "आता कॉलेजच्या परीक्षेत नापास झालास, तर युनिव्हर्सिटीच्या परीक्षेचं नाव काढायचं नाही."

अभ्यासाला एक इंग्रजी कादंबरी. आणीबाणीत सरांनी ती कपाटात दडवली होती, आता बाहेर काढली. जाडजूड, नुसती वीट! गोष्ट अशी, की एका देशात सरकारला न आवडणारे शब्द पुस्तकांतून कापायला पगारी माणसं ठेवलेली. त्यातल्याच एकाची ही गोष्ट. भारी आहे रे! पण एसटीत उभ्यानं ती वीट काही कमलाकांतला धरवेना. तेव्हा त्यानं एक छोटा निर्णय घेतला. (छोटे निर्णय तो स्वतः घेतो. मोठे घरातले बाकीचे घेतात.) स्वतःच्या प्रतीची शिवण उसवली, पानं सुटी केली. रोज दोनचार पानं खिशात, बाकीचा गठ्ठा कोनाड्यात.

बोईसरच्या घरात बायको पुष्पलता, आणि दिवाळीपासून लेकीकडेच असलेली सासू, जमनाबाई पागधरे. बाई तारापूरकडच्या, बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकतात. आता समुद्रावरच्या माणसांचा एक कायदा असतो बघ. जाळं फाटलं तर मालक सुई घेऊन शिवायला बसतो. नाही बसला, तर समजायचं, जाळं त्यानं सोडलं. जमनाबाईंनी वाट बघितली. जावई काही सुई हातात घेईना.

परीक्षेच्या आदल्या दिवशी कमलाकांत अर्धी रजा टाकून घरी आला. कोनाडा रिकामा!

"पुष्पे, माझी पानं?"

"आयेनं नेली बाजारात."

"कशाला?"

"वाचाला! पुड्या बांदाला रं, आनी कशाला?"

कमलाकांत जो सुटला तो थेट बाजारात. बोंबील आणि जवळ्याच्या ढिगांमागे सासूबाई निवांत बसलेल्या.

"मामी, माझं पुस्तक!"

"कोन्तं? ती फाटकी पानं? वाचून संपलं, तवापासून रोज बघते, शिवतोस का, शिवतोस का. तू हात नाय लावलास. मी म्हनलं, जावयानं सोडलं."

"अवो उद्या परीक्षा हाय माझी!"

"मंग आज बोलतोस?"

तो गिऱ्हाइकांच्या मागे धावला. एक कामगार पुडी घेऊन सायकलवर टांग टाकत होता.

"भाईसाब, वो कागज मेरा है!"

"और मछली?"

"मछली आपकी."

"तो मछली किसमें ले जाऊं?"

कमलाकांतनं रुमाल दिला. पुढच्याला जेवणाचा डबा दिला. त्याच्या पुढच्या बाईनं त्याच्या शर्टाकडे बघितलं, तेव्हा मात्र तो मागे फिरला. एवढं करून हाती काय लागलं? मुखपृष्ठ, मागची जाहिरात, आणि एक पान, ज्यात नुसतं धुकं पडतं.

घरी येऊन उंबऱ्यावर डोकं धरून बसला. डोक्यात काही असतं तर धरायला अर्थ होता! दिवाळीपासून रोज संध्याकाळी या दोघी जवळा निवडायच्या आणि हा रुबाबात पुस्तक मोठ्यानं वाचून मराठीत सांगायचा. सांगायचा आणि विसरायचा. त्या दोघी मात्र ते शेजारच्या घरातलं भांडण ऐकावं तसं ऐकायच्या.

"रडतोस काय?" बाजारातून परतलेल्या सासूबाई म्हणाल्या. "विचार आमाला. त्या कातरवाल्याचं ना?"

इंग्रजी नावं बाईंच्या तोंडात बसेनात, म्हणून त्यांनी सगळ्यांची बारशी केली होती. नायक तो कातरवाला. पिठाच्या डब्यात पुस्तक लपवणारी म्हातारी ती पीठवाली.

"मामी, कातरीचं सांगा. ती सिंबॉल हाय, म्हणजे खूण."

"तीच तर खोटी! गाव समुद्राकाठचं, आनी पुस्तकभर कातरीला गंज नाय? आमचा कोयता दोन दिसांत लाल होतो."

"रोज वापरात हाय ना ती, आये," पुष्पलता म्हणाली. "रोज कापलं तर कसा चढंल गंज?"

कमलाकांत ताठ बसला.

"आणि त्याची बायको? ती नवऱ्याची चुगली का करते?"

"बरं केलं तिनं!" पुष्पलता उसळली. "भाईर शब्द कापतो, घरात येऊन पन तोंड शिवलेलं. बायकोला एक शब्द नाय मिलत. काय काय लोकांना सवयच असते." (इथे तिनं कमलाकांतकडे बघितलं. त्यानं धुक्याच्या पानाकडे बघितलं.)

"आनी पीठवाली येडी," सासूबाई म्हणाल्या. "पिठात कोनीपन हात घालतो. बोंबलांत लपवलं असतं तर सरकार नाक धरून पलालं असतं."

दिवेलागणीपर्यंत दोघींनी अख्खी कादंबरी भांडून काढली. कमलाकांतच्या डोळ्यांत पाणी आलं. (जवळ्याचा हात लागला, असं तो सांगतो.) मनात म्हणाला, देवा, असली सासुरवाडी सगळ्यांना दे.

दुसऱ्या दिवशी पेपरात तेच आलं: पात्रं, प्रतीकं, आशय. खऱ्या नावांतलं एकही आठवेना! त्यानं इंग्रजीत सरळ 'सिझर मॅन' आणि 'फ्लोअर लेडी' ठोकून दिलं. पण समीक्षकाचं नाव असल्याशिवाय सर मार्क देत नाहीत, म्हणून प्रत्येक मुद्द्याला शेपूट जोडलं, 'असे विख्यात समीक्षक जे. पागधरे म्हणतात.'

काल सरांनी स्टाफरूममध्ये बोलावलं.

"पास आहेस. पण हे जे. पागधरे कोण? लायब्ररी पालथी घातली मी. कातरीला गंज का चढत नाही, हे आजवर कुणाला सुचलं नव्हतं!"

"सर, ते तारापूरचे."

"असं! अणुशक्तीवाले शास्त्रज्ञ का?"

"नाही… म्हणजे, सुकवण्याच्या लाइनमध्ये आहेत."

"तू ओळखतोस त्यांना?"

"मी जावई त्यांचा."

"नशीबवान आहेस लेका! त्यांच्यापाशी बसून शीक जरा. मार्क त्यांच्या मुद्द्यांनाच दिलेत. तुझं स्वतःचं जेवढं आहे, तेवढं सगळं चूक. आणि शनिवारी घेऊन ये त्यांना, मुलांपुढे दोन शब्द बोलतील."

कमलाकांत तडक बाजारात गेला आणि भर गर्दीत सासूच्या पाया पडला.

"मामी, तुमी पास झालात!"

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. खोटं बोलल्याबद्दल दोन शिव्या घातल्या. मग म्हणाल्या, "येते की. बोलाला कसली भीती? पन बाजार बुडवून नाय येनार, माल संगती घेऊन येनार. कालेजात पन लोक जेवतातच ना?"

"आणि मी काय बोलू तिथे?" रात्री घरी कमलाकांतनं भीतभीत विचारलं.

"तू कशाला बोलतोस?" पुष्पलता म्हणाली. "तू टोपली उचल."

उद्या शनिवार! तिकडे सर पाहुण्यांसाठी हार सांगून बसलेत, आणि इकडे हा टोपली डोक्यावर घेऊन घरातल्या घरात प्रॅक्टिस करतोय. आता तूच सांग, त्याच्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?