तायडे काकांचा समुद्र

अकोल्याच्या उन्हाळ्यात तायडे काका स्वतः कूलरसमोर घाम पुसत बसतात आणि घरातला एकुलता एक एसी समुद्राला लावून देतात. समुद्र म्हणजे त्यांच्या हॉलमधली काचेची टाकी. आत खारं पाणी, चारदोन मासे, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा थाट ती जिवंत प्रवाळं. एक कोबीच्या गड्ड्यासारखं, काही शर्टाच्या बटणांसारखी, एक दिवसभर लांब बोटं हलवत बसलेलं. त्यांना दगड म्हटलेलं काकांना खपत नाही.

"जनावरं हायेत ते. जागचे हालत नाहीत एवढंच. आमच्या ऑफिसातले तरी कुठं हालत होते?"

काका जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले. काकू त्याआधीच गेल्या होत्या, मुलगी सासरी. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण आक्का, दोघंच. निवृत्तीनंतर लोक प्लॉट घेतात, काकांनी मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून समुद्र घेतला. स्वभाव मुळातच तापट, त्यात ही टाकी. काचेला बोट लावणाऱ्या पाहुण्याला ते चहा न देता फाटकापर्यंत सोडून येत. मी शेजारी राहतो, त्यामुळे मला चहा मिळे, पण बोटं खिशात ठेवून. आक्काची तक्रार एकच असे, "याच्या गोट्यायले थंडी हवा, अन् आमाले घाम."

गेल्या मे महिन्यात काकूंच्या भाच्याच्या लग्नासाठी काकांना अमरावतीला मुक्काम करावा लागला. निघताना त्यांनी आक्काला नीट समजावलं होतं. पाणी उडून जातं, मीठ मात्र टाकीतच राहतं, म्हणून जेवढं आटेल तेवढं कॅनमधलं शुद्ध पाणीच टाकायचं. पण नेमकी वीज गेली, एसी बंद पडला, पाणी भराभर आटलं आणि कॅन संपले. आक्काचं आयुष्य पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात गेलेलं. समुद्राला खारं पाणी लागतं हे ती रोज ऐकत होती, आणि आमच्या कॉलनीच्या बोअरचं पाणी असं खारं की त्यात डाळ शिजत नाही. म्हातारीनं गुडघे धरत, मोठ्या मायेनं, हापशीवरून बोअरच्या बादल्या आणून टाकीत ओतल्या.

काका परतले तेव्हा त्यांची बॅग घेऊन मी मागोमाग आत गेलो. टाकीतली बोटं आत ओढली गेली होती, बटणं मिटली होती, कोबीच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. काकांनी काचेच्या नळीत पाणी घेऊन तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले, रंग बघितला. पुन्हा टाकले, पुन्हा बघितला. मग त्यांची नजर मोरीतल्या बोअरच्या पाण्याच्या बादलीकडे गेली आणि ते फरशीवरच बसले. सगळी नोकरी पाण्यात गेलेली, त्यांना कुणी काही सांगायची गरज नव्हती. आता घर डोक्यावर घेणार म्हणून मी दार लावून घेतलं.

आक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "काय झालं रे मधू?"

"लाइन गेली होती ना आक्का," काका म्हणाले. "पाणी गरम झालं."

त्यांनी मुंबईच्या प्रवाळवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, सगळं पाणी एकदम बदलू नका. एक धक्का बसलाच आहे, दुसरा दिला तर उरलेलीही जातील. रोज थोडंसं काढायचं, तेवढंच नवं खारं पाणी तयार करून भरायचं, तेही टाकीइतक्याच गारव्याचं. उजेड कमी, खाणं बंद, हात लावायचा नाही, आणि वाट बघायची. एसटी जरा उशिरा आली तर डेपोत जाऊन भांडणारा हा माणूस, तो आता तांब्या तांब्यानं समुद्र उपसत होता.

उपयोग फारसा झाला नाही. आधी लांब बोटांचं गेलं. भिजलेल्या कागदासारखं त्याचं अंग सुटून आलं, आत पांढरी हाडं राहिली. मग कोबी, मग मासेही. काका सुटलेलं मेलेलं अंग चिमट्यानं उचलून बादलीत टाकत आणि घरभर सडका वास सुटे. एके दिवशी मी विसरून काचेला बोट लावलं. काकांनी मला चहा आणून दिला. मी घरी येऊन बायकोला म्हणालो, काकांचं काही खरं नाही.

आक्काला खरं का सांगितलं नाही, हे मी त्यांना एकदा अंगणात विचारलं. ते चपलेनं माती उकरू लागले.

"माय गेली तवा मी रांगत होतो," ते म्हणाले. "आक्कानं मले पाठीले बांधून कापूस वेचला. आता या वयात तिले सांगू का, तुह्या हातानं मेले म्हणून?"

जून सरता सरता टाकीत कोपऱ्यातली काही बटणं तेवढी उरली होती. एका संध्याकाळी तीही अर्धवट उघडून पुन्हा मिटली. त्या संध्याकाळी मी तिथंच होतो. मोतीबिंदूमुळे आक्काला धड दिसत नाही. ती टाकीजवळ खुर्ची ओढून बसली आणि काचेला नाक लावून आत बघत राहिली.

"मधू, बरे हायेत ना रे आता?"

समोर पांढऱ्या हाडांचा खच होता. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "बरे हायेत आक्का. चांगले हायेत."

"मंग तू धड जेवत काहून नाही?"

आक्का भिंतीला धरत उठली, आत जाऊन ताट वाढून घेऊन आली आणि त्यांच्या समोर बसून राहिली. काका खाली मान घालून जेवू लागले. भाकर संपली तशी तिनं न विचारता दुसरी वाढली.